‘दुसरीकडे’ म्हणजे नक्की कुठे?

परवा ऑफिसात जेवताना एकाने मोबाईल टेबलावर फिरवला. पांढऱ्याशुभ्र लोकरीचं सीलचं पिल्लू, टपोरे काळे डोळे, खाली जेमतेम सतरंजीएवढा बर्फाचा तुकडा आणि चारी बाजूंना पाणी. सगळ्यांनी आपापल्या परीने ‘अरेरे’ केलं. मग आमच्यातला एक हुशार मुलगा (खरोखर हुशार आहे, उपरोध नाही) डब्याचं झाकण लावत म्हणाला, “एवढं काय त्यात? निसर्ग आहे तो. जातील की दुसरीकडे.”

मी गप्प बसलो. दोनला कॉल होता आणि पोळी गार होत होती. पण ते वाक्य डोक्यात गेलं ते गेलंच. कारण आदल्याच रविवारी भिवंडीत, खाडीकडच्या एका गावात, अगदी तेच वाक्य ऐकलं होतं. बोलणारा जमिनीचा दलाल होता. समोर खाजण होतं, चिखलात बगळे आणि शेकाटे उभे होते, आणि मागच्या बाजूला डंपर राबिट ओतत होता. मी विचारलं, “ह्या पक्ष्यांचं काय होणार?” तो हसला. “पंख दिलेत ना साहेब देवाने? जातील दुसरीकडे.”

एक माणूस उत्तर ध्रुवाकडच्या सीलबद्दल बोलत होता, दुसरा कशेळीच्या खाडीबद्दल. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. वाक्य मात्र तंतोतंत तेच. तेव्हा ठरवलं की ह्या शनिवारी ह्या वाक्याचाच समाचार घ्यायचा.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, नाहीतर मागून कुणीतरी काढेलच. मी गोदामांचं सॉफ्टवेअर लिहितो. तुम्ही रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या चार्जर मागवता, तेव्हा तो भिवंडीच्या कुठल्या गोदामात, कुठल्या रांगेत, कुठल्या रॅकवर पडलाय हे जिला ठाऊक असतं, तसली प्रणाली. म्हणजे ज्या गोदामांसाठी खाजणं भरली जातात, त्यांच्यावरच माझं घर चालतं. त्यामुळे ‘हा कोण पर्यावरणवाला आला’ असं म्हणायची सोय नाही. मी आतलाच आहे.

तर आमच्या प्रणालीत एक भाग असतो. माल आला की कुठे ठेवायचा ते तो ठरवतो. ठरलेला कप्पा भरलेला असेल तर दुसरा शोधतो. पण शोधतो म्हणजे काय करतो? चार प्रश्न विचारतो. तो दुसरा कप्पा खरंच अस्तित्वात आहे का? असला तर रिकामा आहे का? ह्या मालाच्या मापाचा आणि जातीचा आहे का (आईस्क्रीम काही तुम्ही साबणाच्या शेजारी ठेवणार नाही)? आणि माल जेव्हा हवा तेव्हा तिथे पोचता येईल का? चारही उत्तरं ‘हो’ आली तरच माल दुसरीकडे जातो. एक जरी ‘नाही’ आलं तर एरर, तोही लाल अक्षरात. एखाद्या नवशिक्या पोराने कोडमध्ये नुसतं ‘जागा नसेल तर दुसरीकडे ठेव’ असं लिहिलं, तर मी रिव्ह्यूमध्ये एवढंच विचारतो, “दुसरीकडे म्हणजे कुठे, बाळा? पत्ता लिही.”

शंभर रुपयांच्या चार्जरला आपण पत्त्याशिवाय हलवत नाही. जिवंत प्राण्याला मात्र बिनधास्त ‘दुसरीकडे’ पाठवतो. हाच माझा सगळा मुद्दा. आता हे चार प्रश्न आधी सीलला लावून बघू.

सील हा पाण्यातला प्राणी अशी आपली समजूत असते, आणि ती अर्धीच खरी आहे. तो खातो पाण्यात. पण जन्माला येतो, दूध पितो, कात टाकावी तशी लोकर टाकतो आणि दमला की आडवा होतो, तो पाण्याबाहेर. ज्या जातींनी हजारो वर्षं ही कामं समुद्रावर गोठलेल्या बर्फावर केली, त्यांच्यासाठी बर्फ म्हणजे देखावा नव्हे. तो त्यांचा सूतिकागृहाचा पलंग आहे.

हार्प सील घ्या. त्या व्हिडिओतलं पिल्लू बहुधा त्याच जातीचं होतं. मादी वाहत्या बर्फावर पिल्लू घालते, साधारण बारा दिवस दूध पाजते आणि निघून जाते. त्यानंतर कित्येक दिवस ते पिल्लू बर्फावरच पडून असतं, अंगातल्या चरबीवर जगत, हळूहळू पोहायला शिकत. ह्या काळात बर्फ फुटला, की संपलं. हूडेड सीलची मादी तर फक्त चार दिवस दूध पाजते. सस्तन प्राण्यांतला हा सगळ्यात कमी काळ. फुटणाऱ्या बर्फावर बाळंतपण करायचं म्हणजे उरकावंच लागतं, इतकं ते शरीर त्या बर्फाशी जुळवलेलं आहे. आणि रिंग्ड सील तर बर्फावर साठलेल्या भुसभुशीत हिमात बीळ करून पिल्लाला त्यात ठेवते. हिम पुरेसं साठलं नाही, किंवा वसंतात बर्फाऐवजी पाऊस पडला, तर बिळाचं छत खाली येतं. पिल्लू थंडीत आणि अस्वला-कोल्ह्यांसमोर उघडं पडतं.

आता पहिला प्रश्न. दुसरा कप्पा अस्तित्वात आहे का? उपग्रहांनी १९७९ पासून उत्तर ध्रुवाकडच्या समुद्री बर्फाची सलग मोजणी ठेवली आहे. सप्टेंबरात तो सगळ्यात कमी असतो, आणि ह्या सप्टेंबरच्या बर्फाचं क्षेत्र दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटत आलंय. २०१२ च्या सप्टेंबरात ते ३४ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आलं होतं, आजवरचा नीचांक. हिवाळ्याचं म्हणाल तर मार्च २०२५ मधला सर्वाधिक विस्तारही तोवरच्या नोंदींत सगळ्यात लहान होता. म्हणजे कप्पे हलत नाहीयेत. रॅकच मोडीत निघतोय.

‘मग अजून उत्तरेला जातील.’ किती उत्तरेला? ध्रुवाच्या पुढे उत्तर नाही, तिथून सगळीकडे दक्षिणच. शिवाय मादी ठरलेल्या हंगामात ठरलेल्या भागात येते. कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात २०१० साली बर्फ जवळजवळ नव्हताच. सगळ्या माद्या काही ‘चला, दुसरीकडे जाऊ’ म्हणून निघून गेल्या नाहीत. कित्येकींनी होता त्या विरविरीत बर्फावरच पिल्लं घातली आणि ती मोठ्या संख्येने मेली. प्राणी नकाशा बघून स्थलांतर करत नाही. जिथे जागा असायची तिथे तो येतो आणि जागा नसली की तिथेच मरतो.

आणि ज्याला ‘दुसरीकडे’ हा शब्दच लागू नाही असा सीलही आहे. कॅस्पियन समुद्र चारी बाजूंनी जमिनीने बंद. तिथला सील हिवाळ्यात उत्तरेकडच्या गोठलेल्या भागात पिल्लं घालतो. शंभर वर्षांपूर्वी हे सील दहा लाखांच्या घरात होते. आज त्याचा लहानसा हिस्सा उरलाय. त्यात मोठा वाटा बेसुमार शिकारीचा, आणि आता बर्फही कमी आणि समुद्राची पातळीही खाली चाललेली. त्याने जायचं कुठे? दाराला बाहेरून कडी आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, लाल यादी सुधारली. हूडेड सील ‘असुरक्षित’वरून ‘संकटग्रस्त’मध्ये गेला. हार्प आणि बेअर्डेड सील आजवर ‘चिंता नाही’ ह्या गटात होते, ते धोक्याच्या उंबरठ्यावर आले. हार्प सील आजही लाखोंच्या संख्येने आहेत हे लक्षात घ्या. संख्या भरपूर, पण ज्या एका गोष्टीवर सगळं उभं आहे तीच वितळतेय. आपल्या धंद्यात ह्याला काय म्हणतात ते तुम्हाला मी सांगायला नको. सर्व्हर हजार आणि वायर एकच.

प्रामाणिकपणे एक उलट उदाहरणही सांगतो. फिनलंडमधल्या सायमा ह्या गोड्या पाण्याच्या तळ्यात रिंग्ड सीलची एक वेगळी उपजात आहे, संख्या पाचशेच्या आसपास. हिवाळ्यात हिम कमी पडायला लागलं, बिळं होईनात. मग तिथली माणसं फावडी घेऊन तळ्यावर गेली आणि सीलच्या नेहमीच्या जागी काठाकाठाने हिमाचे ढीग रचायला लागली. गेली दहा-बारा वर्षं, हिम कमी पडलेल्या हिवाळ्यांत हे चाललंय. आणि सील त्या ढिगांत बिळं करतात, पिल्लं वाढवतात. म्हणजे पर्यायी जागा देता येते! फक्त ती कशी दिली बघा: नेमकी त्याच ठिकाणी, त्याच हंगामात, मापात, कुडकुडत, पुन्हा पुन्हा. पाचशे जीवांसाठी एका तळ्यावर एवढी मेहनत. ‘जातील दुसरीकडे’ म्हणून फोन खिशात टाकणं आणि हे, ह्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

असो. आता तुम्ही म्हणाल, भिवंडीत बसून फिनलंडच्या गप्पा कशाला? म्हणून घराकडे येतो. भिवंडीहून ठाण्यात उतरलं की ठाणे खाडी सुरू होते, आणि तिथे आपले ‘सील’ उभे असतात. एका पायावर, गुलाबी रंगाचे.

फ्लेमिंगो. ठाणे खाडीत हंगामात लाखाच्या वर येतात, बरेचसे लेसर फ्लेमिंगो. २०१५ साली खाडीचा १६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. ऐरोलीहून बोटीत बसून आपण सगळ्यांनी फोटो काढलेत. डीपी पण ठेवलेत. पण त्यांचं वेळापत्रक किती जणांनी पाहिलंय?

ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो. फ्लेमिंगो चोच उलटी करून त्यातलं शेवाळ गाळून खातात. सहा तासांनी भरती येते, चिखल पाण्याखाली जातो. लेसर फ्लेमिंगोचे पाय लांब असले तरी इतके लांब नाहीत. मग थवा उठतो आणि भरती उतरेपर्यंत उभं राहायला जवळची उथळ पाणथळ जागा गाठतो: नेरुळ-सीवूड्सकडची तळी, भांडुपचं पंपिंग स्टेशन, उरणकडची पाणथळं. भरती उतरली की परत चिखलावर. हे दिवसातून दोनदा. म्हणजे अभयारण्याची पाटी जिथे आहे तो त्यांचा डायनिंग हॉल. झोपायची खोली पाटीच्या बाहेर आहे, आणि तिचा भाव चौरस फुटावर आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात काय झालं आठवतंय? नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या, तळं सुकलं. त्या परिसरात काही फ्लेमिंगो मेलेले सापडले. आणि २० मेच्या रात्री घाटकोपरवर उतरणाऱ्या एका विमानाला थवा धडकला, ३९ पक्षी मेले. त्या रात्री थवा तिथे का होता ह्यावर बरेच तर्क झाले, वाद झाले. तळं सुकलं म्हणूनच विमानाला धडकले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण एवढं नक्की म्हणेन: उभं राहायची एकेक जागा काढून घेत गेलं, की पक्षी जास्त उडणार, अवेळी उडणार, आणि जिथे उडू नये तिथेही उडणार. २०२५ मध्ये राज्य सरकारने ते तळं संवर्धन राखीव करायचं ठरवलं. छान झालं. पण त्याआधी कुणीतरी म्हणालंच असणार, ‘पक्षी आहेत, जातील दुसरीकडे.’ गेले. घाटकोपरच्या गच्च्यांवर आणि रस्त्यांवर मिळाले.

आता भिवंडी. इथे फ्लेमिंगोंचे फोटोजेनिक थवे नाहीत, हे आमचं दुर्दैव. उल्हास नदी इथे खाडी होऊन वाहते, कामवारी येऊन मिळते, आणि ती सगळी खाडी पुढे वसईला समुद्र गाठते. काठाने तिवरं, मागे खाजण, त्यामागे भातशेती. पाहुणे कोण? बगळे, शेकाटे, तुतवार, खंड्या. चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या, पाण्यात बोईट, नशीब असेल तर जिताडा. ह्यातल्या कुणावर डॉक्युमेंटरी निघणार नाही. आणि गोदामं का आली ते जगजाहीर आहे. मुंबई-आग्रा हायवे हाताशी, जमीन मुंबईच्या मानाने स्वस्त, आणि शहराच्या हद्दीबाहेर माल ठेवला की जकात वाचायची. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं राहिली आणि वाढत गेली. भोवतालच्या साठ गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे दिलेलं आहे. आता त्या गावांत ‘नियोजन’ शोधायला कधीतरी रविवारी या, चहा माझ्याकडून.

खाजण मरतं कसं हे शहरात राहणाऱ्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. तिवरं तोडणं हा गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्टच सांगितलं: जमीन सरकारी असो की खाजगी, तिवरं तोडायची नाहीत, आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटर पट्टा मोकळा ठेवायचा. त्यामुळे शहाणा माणूस कोयता लावतच नाही. तो फक्त पाण्याची वाट बुजवतो. एक छोटा बांध, एक मातीचा रस्ता, खाली मुद्दाम विसरलेला पाईप. भरतीचं पाणी येणं थांबतं. वर्ष-दोन वर्षांत तिवरं उभ्या उभ्या वाळतात. मग फोटो काढतात: ‘बघा साहेब, इथे काहीच नाही, पडीक जमीन आहे.’ मग राबिट. मग मुरूम. मग पत्र्याचं कुंपण. मग शटर नंबर एक ते चाळीस.

लक्षात येतंय का साम्य? सीलला संपवायला गोळी लागत नाही. फ्लेमिंगोला कुणी दगड मारत नाही. खाजणातल्या बगळ्याला कुणी हात लावत नाही. समुद्र आहे, आभाळ आहे, मासेही आहेत. फक्त टेकायची जागा तेवढी काढून घ्यायची. हातावर रक्ताचा एक थेंब नाही.

आमच्या ओळखीचे एक आगरी काका आहेत, सत्तरीचे. अजून पाग घेऊन खाडीत उतरतात. त्यांना मी हे ‘दुसरीकडे’ प्रकरण सांगितलं. ते बिडी विझवत म्हणाले, “पोरा, पानी हाय. पन टेकाला जागा नाय. निवटी चिखलाबिगर कशी र्‍हाईल?” मी अडीच हजार शब्द लिहितोय, काकांनी दोन ओळींत संपवलं.

आता विरोधी पक्षाला माईक देऊ.

पहिला आक्षेप: ‘गोदामांनी हजारो पोरांना नोकऱ्या दिल्या.’ दिल्या. मलाही दिली. यंत्रमाग एकेक करून बंद पडत असताना ह्याच गोदामांनी घरं सावरली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पोरांना नोकरी गोदामाने दिली, खाजणाने नाही. तेच गोदाम दोन किलोमीटर आत, वरकस जमिनीवर उभं राहिलं तर पोरांचा पगार कमी होत नाही. फक्त एका माणसाचा नफा थोडा कमी होतो. तो माणूस पोरांना पुढे करून बोलतोय, एवढंच. आणि आधीच बांधलेल्या, अर्ध्या रिकाम्या, एकमजली पत्र्याच्या शेडच्या जागी मजले का चढवत नाही, हेही त्यालाच विचारा.

दुसरा आक्षेप: ‘तोडली तेवढी दुसरीकडे लावू.’ हा सगळ्यात सभ्य कपड्यातला ‘दुसरीकडे’. बुलेट ट्रेनसाठी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २२ हजार तिवरं तोडायची परवानगी दिली, आणि त्याच्या कितीतरी पट नवी लावायचं सांगण्यात आलं. गाडी आमच्या तालुक्यातूनच जाणार आहे. प्रकल्प सार्वजनिक आहे, कोर्टाने तोलून निर्णय दिलाय, त्यावर मी बोलत नाही. मला गणितावर बोलायचंय. रोपं मोजली म्हणजे खाजण मोजलं असं होत नाही. तिवराच्या मुळाशी चिखल साचायला, त्यात किडे व्हायला, किड्यांवर चिंबोरी आणि चिंबोरीवर पक्षी यायला वर्षं लागतात. तोवर ह्या हंगामात ज्याला पिल्लं वाढवायची आहेत त्याने काय करायचं, टोकन घेऊन बसायचं? आमचा चौथा प्रश्न आठवा: हवा तेव्हा मिळेल का? बारा दिवस दूध पिणाऱ्या पिल्लाला दहा वर्षांनी तयार होणारा बर्फ काय कामाचा?

आणि दुसरा प्रश्नही राहिलाच: ती दुसरी जागा रिकामी आहे का? आपण समजतो की शेजारचं तळं म्हणजे मोकळी रूम. तिथे आधीच कुणीतरी राहतंय, खातंय, अंडी घालतंय. विरार लोकलमध्ये अंधेरीला ‘आत खूप जागा आहे’ म्हणून ढकलणारा माणूस आणि हा युक्तिवाद एकाच कुळातले.

तिसरा आक्षेप, आणि हा आपल्यासारख्यांचा लाडका: ‘प्रॉब्लेम ग्लोबल आहे, आपण एकट्याने काय होणार?’ अर्धं मान्य. सीलचा बर्फ वाचवायचा तर कोळसा आणि तेल जाळणं कमी व्हायला हवं, आणि ते तुमच्या-माझ्या कापडी पिशवीने होणार नाही. त्यासाठी सरकारं हलायला हवीत. म्हणूनच ‘ऑनलाईन मागवू नका’ असला उपदेश मी करत नाही. मीच मागवतो. पण खाजणाचं तसं नाही. ते कुठल्या परिषदेत ठरत नाही. ते तलाठ्याच्या नोंदीत, तहसीलदाराच्या टेबलावर आणि रात्री दोन वाजता येणाऱ्या डंपरमध्ये ठरतं. ध्रुवावर आपला हात पोचत नाही हे खरं. पण त्याचा आधार घेऊन आपण जिथे हात पोचतो तिथेही खिशातच ठेवतो, ही लबाडी आहे.

आणि दोन्ही गोष्टी वाटतात तितक्या लांबही नाहीत. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आपल्या अंटार्क्टिक मोहिमा आणि उत्तर ध्रुवाकडचं ‘हिमाद्री’ केंद्र तेच चालवतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होण्याचा आणि भारतात पावसाळ्याच्या शेवटी पडणाऱ्या अतिवृष्टीचा संबंध असू शकतो असं दाखवलंय. ‘असू शकतो’, हे त्यांचेच सावध शब्द. पण क्षणभर धरून चाला. म्हणजे जो बर्फ सीलच्या पोटाखालून गेला, तोच ढगफुटी होऊन आपल्या डोक्यावर यायची शक्यता. आणि ते पाणी जिरवायला, थोपवायला काठावर जे खाजण होतं त्यावर आपण शटर बसवलेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा भिवंडी-कल्याणपर्यंत माणसं पोटमाळ्यांवर आणि गच्च्यांवर बसून होती. टेकायला जागा नसणं म्हणजे काय, ते त्या रात्री आपल्यालाही कळलं होतं. विसरलो, एवढंच.

मग करायचं काय? मोर्चा काढा असं मी म्हणत नाही, सोमवारी सगळ्यांनाच लॉगिन करायचंय. माझी मागणी अगदी लहान आहे. इथून पुढे कुणीही ‘दुसरीकडे’ म्हणालं, मग तो बिल्डर असो, मंत्री असो, मेहुणा असो किंवा ऑफिसातला हुशार मुलगा, की त्याच्याकडे पत्ता मागायचा. कुठली जागा? सर्व्हे नंबर काय? भरतीचं पाणी तिथे येतं का? आज तिथे कोण राहतं, कुणी मोजलंय का? आणि ती कधी तयार होणार, हे संपायच्या आधी की नंतर? पत्ता देता आला नाही तर त्या वाक्याचं खरं भाषांतर आपणच मोठ्याने करून दाखवायचं: ‘मरू देत.’ ज्याला मरू द्यायचंय त्याने तसं म्हणावं. निदान मराठी तरी खरं बोलावं.

दुसरं, डंपर दिसला तर फोटो काढा. आपण जेवणाच्या ताटाचा काढतो, ह्याचाही काढा. तारीख आणि ठिकाण दिसेल असा. तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष, तिघांना लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. आमच्या भागात मी दोनदा केली. एकदा काहीच झालं नाही. एकदा डंपर तीन आठवडे आले नाहीत. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही, कबूल. पण हार्प सीलच्या पिल्लाला दूध प्यायला बाराच दिवस लागतात.

परवाच्या त्या मुलाशी नंतर चहाला बोललो. भांडलो नाही. त्याच्याच मॉड्यूलचं उदाहरण दिलं आणि विचारलं, “सीलला कुठला कप्पा देशील?” तो जरा वेळ कपात बघत राहिला. मग म्हणाला, “एरर येईल रे.”

येतोच आहे. लाल अक्षरात येतोय. आपण फक्त स्क्रीन मिनिमाईझ करून ठेवलाय.